प्रश्न सर्व्हे नंबरासकट

राजपत्रातली जाहीर सूचना हाती आली, की हे आमदार आधी शेवटचं पान काढतात. पुढचा मजकूर त्यांना पाठ झालेला आहे. कलम तेच, वाक्यं तीच, हरकतींसाठी ३० दिवसांची मुदत तीच. खरी गोष्ट शेवटच्या तक्त्यात असते. गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग, क्षेत्रफळ, सध्याचा झोन, मागितलेला झोन. पेन्सिल घेऊन ते आधी आपल्या मतदारसंघातली गावं खुणावतात, मग शेजारच्या मतदारसंघांतली, मग उरलेल्या गोव्यातली. डावीकडच्या रकान्यात भातशेती, ऑर्चर्ड, नैसर्गिक आच्छादन असं काहीबाही बदलत राहतं. उजवीकडच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द खालपर्यंत उतरत जातो: सेटलमेंट, म्हणजे वस्ती.

गोव्याच्या विधानसभेत ४० आमदार. हे त्यांच्यातले एक, विरोधी बाकावरचे. मतदारसंघ नदीकाठचा. नाव सांगण्याची गरज नाही, कारण पुढे जे येणार आहे ते थोड्याफार फरकाने तिथल्या कुठल्याही खाडीकाठच्या गावाला लागू पडेल. राजकारणात येण्यापूर्वी ते शाळेत गणित शिकवत, आणि ती सवय अजून गेलेली नाही. कुणी जमिनीबद्दल तक्रार घेऊन आलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती चौरस मीटर?’

हा तक्ता इतक्या बारकाईने का वाचावा लागतो, ते कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य. १९७४ च्या नगरनियोजन कायद्याखाली इथे संपूर्ण राज्याचा एक प्रादेशिक आराखडा होतो आणि कोणती जमीन वस्तीची, कोणती भाताची, कोणती बागायतीची हे त्यावरून ठरतं. २००६ मध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला आणि नकाशे पाहून लोक हादरले. डोंगरउतारांवर आणि शेतांवर वस्तीचा रंग चढला होता. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावोगाव सभा झाल्या, आणि २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार केला. गावनिहाय नकाशे पंचायतींकडे आले. तेव्हाचे हे गणिताचे मास्तर आपल्या गावच्या पंचायतीत नकाशाभोवती वाकून बसलेल्यांपैकी एक होते. तळी कुठे, झरे कुठे, पावसाळ्यात पाणी कुठून उतरतं, कुणाचं घर नकाशात राहून गेलंय, हे सगळं लोकांनी बोट ठेवून सांगितलं आणि ते लिहून पाठवलं गेलं. या आराखड्यात राज्याचा सुमारे ८० टक्के भाग पर्यावरणाच्या दृष्टीने जपायचा म्हणून दोन श्रेणींत दाखवला गेला. २०११ मध्ये तो अधिसूचित झाला, २०१२ च्या सत्ताबदलानंतर स्थगित झाला, पुढे पुन्हा वापरात आला.

त्या सभांमधून ते एक गोष्ट घेऊन निघाले, ती आजही त्यांच्या बोलण्यात येते. आराखडा सगळ्यांनी एकत्र बसून केलेला असतो. म्हणून तो बदलायचा असेल तर तेही सगळ्यांसमोर व्हायला हवं.

झालं उलटं. २०१८ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १६ब घातलं गेलं, २०२३ मध्ये कलम १७(२), २०२४ मध्ये कलम ३९अ. तिन्हींची कार्यपद्धत वेगवेगळी, पण परिणाम एका दिशेचा. संपूर्ण आराखड्याला हात न लावता एकेका मालकाच्या अर्जावर एकेका जमिनीचा झोन बदलण्याची वाट मोकळी झाली. १७(२) चा घोषित हेतू आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या चुका आणि विसंगत झोनिंग दुरुस्त करण्याचा होता. लोकांच्या हरकती मागवण्याची तरतूद त्यात नव्हती, हा त्याविरुद्धचा मोठा आक्षेप. ३९अ मध्ये ३० दिवसांची सूचना आली, म्हणून तर राजपत्रातला तो तक्ता वाचता येतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ३७ आठवेल. विकास आराखड्यात किरकोळ फेरबदल करतानाही तिथे हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. ‘किरकोळ’ म्हणजे किती, हा वाद दोन्ही राज्यांत सारखाच आहे.

इथे एक सांगायला हवं. आराखड्यात खऱ्या चुका असतात. पिढ्यानपिढ्यांचं राहतं घर नकाशावर शेतात दाखवलं गेलं, की त्या कुटुंबाला साधी एक खोली वाढवायची तरी परवाना मिळताना नाकी नऊ येतात. अशी माणसं आमदारांच्या कार्यालयात येतात, कागद जोडून देतात, आणि आमदार त्यांच्या अर्जांचा पाठपुरावा करतात. दुरुस्तीला त्यांचा विरोध कधीच नव्हता. तीनशे मीटरच्या घराची चूक आणि डोंगरावरच्या तीस हजार मीटरची ‘चूक’ एकाच कलमाखाली एकाच वेगाने दुरुस्त होऊ लागली, तेव्हा त्यांनी मोजायला सुरुवात केली.

मोजायचं साधन म्हणजे विधानसभेचा प्रश्न. गोव्यात सगळे त्याला ‘एलएक्यू’ म्हणतात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. बाहेरून पाहणाऱ्याला तारांकित प्रश्न मोठा वाटतो, कारण तो टीव्हीवर दिसतो. हे आमदार अतारांकित प्रश्नांवर जास्त जीव टाकतात. सभागृहात तासाभरात जेमतेम काही प्रश्न चर्चेला येतात, गोंधळ झाला तर तेही नाहीत. लेखी उत्तर मात्र यावंच लागतं, त्याला परिशिष्ट जोडावं लागतं, आणि ते पटलावर गेलं की कुणालाही वाचता येतं.

प्रश्न लिहिण्याचं काम अधिवेशनाच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि ते रुक्ष असतं. नव्या उमेदीचे कार्यकर्ते पहिला मसुदा आणतात तो असा: ‘राज्यात शेतजमिनींचं मोठ्या प्रमाणावर रूपांतर होत आहे, हे खरे आहे काय?’ याचं उत्तर एका शब्दात येतं, ‘नाही’, आणि खालच्या सगळ्या भागांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं लिहून येतं. ‘मोठ्या प्रमाणावर’ हे मत झालं, आणि मताला नकार देणं सोपं. म्हणून हे आमदार मसुद्यातली विशेषणं एकेक करून काढतात आणि त्या जागी तारखा घालतात. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक कलमाखाली किती अर्ज आले. किती मंजूर, किती नामंजूर. प्रत्येकाचं गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आधीचा आणि नंतरचा झोन. जागेची पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि पाहणी अहवालाची प्रत जोडणार का. उताराचा नकाशा मागवला होता का. शेवटी, ठळक अक्षरांत: वरील सर्व क्षेत्राची तालुकानिहाय बेरीज.

ती बेरीज हाच त्यांच्या कामाचा गाभा आहे. एकेक आदेश वाचला तर फारसं वावगं दिसत नाही. इथे दोन हजार मीटर, तिथे पाच हजार. प्रत्येक फायलीला स्वतःचं कारण असतं, प्रत्येक टिपणी आपल्यापुरती नीट असते. पण एका तालुक्यात तीन वर्षांत एकूण किती भातशेती गेली, एका डोंगराच्या चारी बाजूंनी मिळून किती उतार वस्तीत आला, याचा हिशेब कुठल्याच एका फायलीत नसतो. तो कुणाच्या कामाचा भागच नाही. विधानसभेत प्रश्न विचारला की तेवढ्यापुरता तो कुणाच्या तरी कामाचा भाग होतो, आणि एक अधिकारी बसून बेरीज करतो.

ती नेहमी मिळते असं नाही. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर त्यांनी पुष्कळदा वाचलं आहे. अशा वेळी ते पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न जुन्या क्रमांकाचा आणि तारखेचा उल्लेख करून पुन्हा घालतात. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन असेल तर ते आश्वासन समितीकडे नेता येतं. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे असं सांगितलं गेलं, तर त्यांचं म्हणणं तयार असतं: कायद्याचा अर्थ न्यायालयापुढे आहे, आजवर किती आदेश निघाले ही मोजणी न्यायालयापुढे नाही. एकदा एका खात्याकडून परिशिष्ट आलं ते इतक्या बारीक, पुसट प्रतीत, की आकडे वाचता येईनात. कार्यालयातल्या मुलीने भिंग घेऊन, एकेक ओळ मोठ्याने वाचत, संगणकावर पुन्हा उतरवून काढलं. त्यात एकाच सर्व्हे नंबराचे शेजारशेजारचे पोटविभाग वेगवेगळ्या पानांवर विखुरलेले निघाले. क्रमाने लावल्यावर ती सलग एक जमीन होती.

सलग जमीन तुकड्यांनी पुढे येण्याला अर्थ आहे. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामक्षेत्राच्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. तुकडे त्या रेषेच्या खाली राहिले तर ती छाननी होत नाही. सगळेच तुकडे त्या हेतूने पाडलेले असतात असं ते म्हणत नाहीत. वाटण्या होतात, वारस वाढतात. पण प्रश्नात ते एक ओळ आवर्जून घालतात: लगतच्या जमिनींसाठी त्याच अर्जदाराने वा त्याच्याशी संबंधित संस्थेने अन्य अर्ज केले आहेत काय.

हे सगळं कागदावरचं झालं. ज्या जमिनीसाठी हा खटाटोप, तिथे त्यांच्याबरोबर गेलं की कागद अपुरा का पडतो ते दिसतं.

मतदारसंघात खाजन आहे. खाजन म्हणजे नदीच्या मुखाजवळची, भरतीच्या पातळीहून सखल असलेली, बांध घालून राखलेली शेती. बांध माती-दगडांचे, बाहेरच्या बाजूने खारफुटी. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरती चढू लागली की नदीच्या पाण्याच्याच दाबाने ही दारं मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि शेताचा निचरा होतो. पावसाळ्यात खाऱ्या जमिनीला मानवणारं भात, पुढे त्याच पाण्यात मासळी आणि सुंगटं. शतकानुशतकं ही व्यवस्था गांवकरीने, म्हणजे गावाच्या सामुदायिक कारभाराने, पुढे कोमुनिदाद या गावसंस्थांनी आणि कुळांच्या संघटनांनी सांभाळली. बांधाला खेकड्याने बीळ पाडलं तरी ते त्याच दिवशी बुजवायचं, हा इथला शिरस्ता.

आमदार तिथे पोचले तेव्हा एक वृद्ध शेतकरी मानशीजवळ उभे होते. ‘बाब, हांगा पळे,’ म्हणत त्यांनी पायाखालची चिखलातली पांढरट साय दाखवली. मीठ. वरच्या अंगाला कुणीतरी तांबडी माती टाकून एक तुकडा भरून घेतला होता आणि त्याच्या कडेने जाणारा पाण्याचा पाट बुजला होता. पाऊस पडला की पूर्वी गोडं पाणी उतरून मीठ धुऊन न्यायचं, आता ते पाणी खालपर्यंत पोचत नव्हतं. भरलेला तुकडा या शेतकऱ्याचा नव्हता. नापीक झालं ते त्यांचं शेत. ‘मी कुठे अर्ज करू? माझ्या सर्व्हे नंबरात काहीच झालेलं नाही,’ असं ते म्हणाले.

आमदारांनी हे वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. कागद एकेका सर्व्हे नंबराचा, पाणी मात्र सगळ्या खाजनाचं एकच. नगरनियोजन कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला पूर्वपरवानगी लागते. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठीच्या खास तरतुदींमध्ये खाजन जमिनींच्या संरक्षणाचा उल्लेख आहे. कायदा नाही असं नाही. पण परवानगीचा विचार होतो तो त्या एका तुकड्याचा. म्हणून तेव्हापासून त्यांच्या प्रश्नांत आणखी एक भाग आला: भरावाची परवानगी देताना त्याच खाजनातल्या इतर क्षेत्राच्या निचऱ्यावर होणारा परिणाम तपासला होता काय, असल्यास अहवाल जोडावा. यावर समाधानकारक उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही. तो भाग त्यांनी गाळलेलाही नाही.

गावात त्यांचं सगळ्यांशीच जमतं असं नाही, आणि ही बाजू सहसा लिहिली जात नाही. शेतीत आता मजूर मिळत नाही, कापणीच्या वेळी यंत्राची वाट पाहावी लागते, मुलगा बोटीवर नोकरीला, सून शहरात. अशा घरातली बाई त्यांना अंगणातच अडवून विचारते, ‘भाई, तुम्ही आमची जमीन वाचवता, पण आमचं म्हातारपण कोण वाचवणार?’ हा प्रश्न ते उडवून लावत नाहीत. कुळांच्या शेतजमिनीचा शेतीशिवाय वापर करण्यावर १९९१ च्या कायद्याने बंधन आहे, भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने. ही बंधनं आवश्यक आहेत, असं त्यांचं ठाम मत आहे. पण बंधन घालणाऱ्या राज्याने भाताचा दर, बांधांची दुरुस्ती, पीक बुडाल्यावरची भरपाई यांतही तेवढाच रस घ्यावा, असंही ते तितक्याच ठामपणे म्हणतात. कृषी खात्याच्या मागण्यांवर चर्चा असते तेव्हा ते बांधांवर बोलतात. सभागृह निम्मं रिकामं असतं, तरी बोलतात.

त्या बाईच्या प्रश्नातून त्यांना एक वेगळाच रकाना सुचला, आणि माझ्या मते तो त्यांच्या सगळ्या कामातला सर्वांत भेदक आहे. झोन बदलाच्या आदेशाची तारीख तर ते मागत होतेच; आता त्या जमिनीच्या शेवटच्या खरेदीखताच्या नोंदणीची तारीखही मागू लागले. दोन तारखा शेजारी आल्या की अंतर दिसतं. जमीन बागायतीच्या भावाने कधी विकली गेली, वस्तीची कधी झाली, आणि मधल्या वाढीचा फायदा कुणाच्या हाती गेला. जमीन विकून म्हातारपण सुखात घालवू म्हणणाऱ्या घरांच्या पदरात वस्तीचा भाव फार थोड्या वेळा पडतो. हे त्यांनी त्या बाईला कागद दाखवून सांगितलं. तिचं समाधान झालं की नाही हे मला ठाऊक नाही. पण पुढच्या ग्रामसभेत तिने त्या रकान्याविषयी सरपंचांना विचारलं.

प्रश्नाच्या दिवशी सभागृहात ते फार बोलत नाहीत. मूळ प्रश्न छापलेला असतो, मंत्री उत्तर वाचतात, मग उपप्रश्नांना मिळतात ती मोजकी मिनिटं. मंत्र्यांची बाजूही काही पोकळ नसते: आराखडा जुना झाला आहे, त्यात चुका आहेत, राज्याला महसूल हवा, गोमंतकीय तरुणांना घरं आणि रोजगार हवेत. यावर भाषण करण्याचा मोह होतो. मागच्या बाकांवरून तशी हाकही येते. ते मात्र परिशिष्टातली एक ओळ निवडून ठेवतात. पान अमुक, ओळ अमुक, या जमिनीची पाहणी तारीख आणि मंजुरीची तारीख एकच कशी? उत्तर काहीही आलं तरी ते कार्यवाहीत नोंदलं जातं, आणि त्यांना तेवढंच हवं असतं.

नोंदलेलं कुठवर पोचतं, हे १३ मार्च २०२५ ला दिसलं. गोवा फाउंडेशन ही पर्यावरण संस्था आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि त्या कलमाचा अर्थ मर्यादित केला. तो विजय याचिकाकर्त्यांचा आणि त्यांच्या वकिलांचा. आमदार त्याचं श्रेय घेत नाहीत. पण अशा लढ्यांत माहितीच्या अधिकारात काढलेल्या फायली आणि विधानसभेच्या पटलावरची उत्तरं, दोन्ही कामाला येतात, हे कुणीही वकील सांगेल. सरकारने स्वतःच्या सहीने दिलेला आकडा सरकारला सहजासहजी नाकारता येत नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. दरम्यान ३९अ खालच्या सूचना राजपत्रात येतच राहिल्या आणि या कलमालाही न्यायालयात आव्हान दिलं गेलं.

एका जागी जिंकलेली गोष्ट दुसऱ्या कलमातून पुन्हा समोर उभी राहते, तेव्हा वैताग येत नाही का, असं त्यांना विचारलं. येतो, म्हणाले. मग पश्चिम घाटाची गोष्ट काढली. ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या दरडींच्या दुसऱ्याच दिवशी तारीख पडलेल्या केंद्राच्या मसुदा अधिसूचनेत गोव्याचं १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून दाखवलं आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल २०११ चा; मसुदे पुन्हा पुन्हा निघाले आणि प्रत्येक वेळी काही गावं वगळण्याच्या मागण्या झाल्या. कोणती गावं, कोणत्या कारणासाठी, आणि त्या गावांत गेल्या काही वर्षांत किती झोन बदलले, हे तीन रकाने कुणी एकत्र लावलेले नाहीत, असं ते म्हणाले, आणि तिथल्या तिथे तो प्रश्न लिहायला घेतला.

सध्या त्यांच्या टेबलावर पुढच्या अधिवेशनाचा मसुदा आहे. २०१८ पासून १६ब, १७(२) आणि ३९अ या तिन्ही कलमांखाली मिळून तालुकानिहाय किती भातशेती आणि किती बागायत वस्तीत आली. त्यातल्या किती जमिनींना महसूल खात्याने सनद, म्हणजे बिगरशेती वापराची परवानगी, दिली. आणि किती ठिकाणी पंचायतींनी बांधकाम परवाने दिले. एकट्या नगरनियोजन खात्याकडे विचारलं तर शेवटच्या दोन भागांपुढे ‘या खात्याशी संबंधित नाही’ असं येईल. म्हणून तोच प्रश्न, त्याच सर्व्हे नंबरांची यादी जोडून, तीन वेगवेगळ्या मंत्र्यांच्या नावे पाठवायचा आहे. यादी मोठी आहे. कार्यालयातली मुलगी ती राजपत्राशी ओळीनुओळ ताडून पाहते आहे, कारण एक पोटविभाग जरी चुकला, तरी तेवढंच कारण पुढे करून उत्तर टाळता येईल.